एसी गोठणे (बंदिस्त लागवड)

बटन अळिंबी, केशर किंवा दिव्यांखालच्या पालेभाज्या वाढवल्या जाणाऱ्या बंद खोलीत एसीच्या आतील कॉइलवर बर्फ चढून गार हवा येणे मंदावते किंवा थांबते, त्या बिघाडाला ‘एसी गोठणे’ म्हणतात. एसी फार जोरात चालला म्हणून बर्फ धरला, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक कॉइलपर्यंत पुरेशी उष्णता न पोहोचल्याने तिचे तापमान ०° सेल्सिअसच्या खाली उतरते, हवेतील बाष्प तिच्यावर गोठते, त्या थराने हवेची वाट अडते आणि वाट अडल्यामुळे कॉइल आणखी थंड होते.

घरगुती स्प्लिट एसीची रचना २५° सेल्सिअसच्या आसपासची खोली गृहीत धरून केलेली असते. बटन अळिंबीला बीजप्रसाराच्या (खतात बुरशीचे तंतू पसरण्याच्या) काळात २२ ते २५° चालतात. पीक निघताना मात्र १४ ते १८° तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. खोली १६° वर आली की कॉइल शून्याच्या उंबरठ्यावर असते आणि थोडी धूळही तिला खाली ढकलायला पुरते. रिमोटवर १६° च्या खाली जाता येत नाही, म्हणून काही जण एसीच्या सेन्सरला किंचित ऊब देऊन त्याला फसवतात. अशा वेळी कॉइलच्या फिनमध्ये (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांमध्ये) दुसरा सेन्सर बसवून बर्फ धरण्याआधी कॉम्प्रेसर थांबवण्याची सोय नसेल, तर गोठणे जवळजवळ ठरलेलेच असते.

दमटपणा एकटा कॉइल गोठवत नाही. उलट बाष्पाचे पाणी होताना कॉइलला उष्णताच मिळते: १ लिटर पाणी निथळण्यासाठी सुमारे ०.६८ किलोवॅट-तास शीतन खर्ची पडते. पण कॉइल एकदा शून्याखाली गेली की याच दमटपणामुळे थर झपाट्याने वाढतो. फॉगरचा (धुके फवारणाऱ्या यंत्राचा) झोत थेट एसीच्या तोंडाशी सोडलेला असेल, तर एक यंत्र पाणी हवेत सोडते, दुसरे ते काढून घेते आणि वीजबिल दोघांचे येते. दिव्यांखालच्या लागवडीत दिवे मालवल्यावर उष्णता एकदम घटते, त्यामुळे तेथे बर्फ बहुधा रात्री धरतो. थंडीच्या रात्री बाहेरचे युनिट फार गार पडले, तर गॅसचा दाब उतरूनही हेच घडते.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ‘गॅस कमी आहे’ हे निदान फार घाईने केले जाते. गोठलेल्या कॉइलवर मीटर लावला तर दाब कमीच दिसणार; त्या आकड्यावर विसंबून गॅस भरला की बर्फ वितळल्यावर तो जादा ठरतो. म्हणून आधी कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा काही तास चालवावा, दिवे मंद करावेत आणि खाली बादली ठेवावी, कारण वितळलेले पाणी ड्रेन ट्रेवरून सांडू शकते. स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नये; अ‍ॅल्युमिनियमचे फिन वाकतात, नळीला भोक पडले तर सगळा गॅस जातो आणि हल्लीच्या एसीतला आर-३२ हा गॅस काहीसा ज्वलनशील आहे.

वितळल्यावर फिल्टर, कॉइल आणि ब्लोअर (आतला पंखा) पाहावेत. धिंगरी अळिंबीच्या खोलीत बीजाणूंची पिठासारखी पूड ओल्या कॉइलवर चिकटून बसते. फिल्टर धुतला तरी ती तशीच राहते, तिच्यासाठी कॉइलच धुवावी लागते. ब्लोअरचा वेग कमीवर ठेवलेला नाही ना आणि कॉइलचा सेन्सर आपल्या खोबणीतून निसटलेला नाही ना, हेही पाहावे.

बर्फ कोठे धरतो, यावरून बरेच कळते. संपूर्ण कॉइलवर सारखा थर असेल तर दोष बहुधा हवेच्या प्रवाहात असतो. कॉइलचा सुरुवातीचाच भाग पांढरा, उरलेला कोरडा आणि बाहेरच्या युनिटवर बारीक नळीच्या व्हॉल्व्हपाशी हिमाची टोपी, असे चित्र दिसले तर गॅसगळती किंवा चोंदलेली कॅपिलरी (कॉइलला गॅस पुरवणारी केसासारखी बारीक नळी) यांचा संशय घ्यावा. ०° ला आर-३२ चा गेज दाब (मीटरवर दिसणारा दाब) सुमारे १०३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तर जुन्या आर-२२ चा सुमारे ५७ असतो. बर्फ नसताना चालू एसीचा सक्शन दाब (कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) याच्या खाली राहिला तर कॉइल पुन्हा गोठणार. गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. त्यामुळे नायट्रोजन भरून, फ्लेअर सांध्यांना (नळ्यांच्या नटाने आवळलेल्या जोडांना) साबणाचा फेस लावून गळती शोधावी, ती बुजवावी, व्हॅक्यूम करावे (नळ्यांतील हवा पंपाने ओढून काढावी) आणि एसीच्या पाटीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा.