2,14,74,83,647 : एका आकड्याची पार्श्वभूमी

19 जानेवारी 2038, मंगळवार. नागपुरात सकाळचे 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंद झाले की संगणकाने 1970 च्या आरंभापासून मोजत आणलेले सेकंद बरोबर 2,14,74,83,647 होतील. 32 बिटांच्या (म्हणजे 0 किंवा 1 मावणाऱ्या 32 घरांच्या) साइन्ड इंटिजरमध्ये, म्हणजे एक बिट ऋण-धन चिन्हासाठी राखलेल्या पूर्णांकात, याहून मोठा आकडा मावत नाही. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून उणे होईल आणि जुन्या प्रणाली डिसेंबर 1901 मध्ये जाऊन पडतील.

आता हा आकडा वाचायचा कसा? शाळेत शिकवतात 'दोन अब्ज चौदा कोटी'. इतवारीच्या बाजारात हिंदीतून 'दो अरब' ऐकू येईल. हे शहर 1956 पर्यंत हिंदी-मराठी दुभाषी प्रांताची राजधानी होते, तेव्हा दोन्ही कानांना सारखेच. इथे अब्ज आणि अरब जुळतात, पण तो योगायोगच म्हणायचा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात कोटीनंतर अर्बुद म्हणजे दहा कोटी, अब्ज म्हणजे शंभर कोटी, खर्व म्हणजे हजार कोटी. हिंदीतला 'अरब' आला अर्बुदावरून, पण किंमत घेऊन बसला अब्जाची. 'खरब' खर्वावरून आला आणि झाला दहा हजार कोटी, म्हणजे निखर्वाएवढा. मराठी खर्व आणि हिंदी खरब यांत चक्क दहापटीचा फरक! त्यात 'बिलियन', ब्रिटनच्या सरकारी व्यवहारातही 1974 पर्यंत त्याचा अर्थ पक्का नव्हता. माझे मत विचाराल तर सरळ 'दोनशे चौदा कोटी' म्हणावे, भांडण मिटते.

गणितात हा आकडा 2 चा 31 वा घात वजा 1. एका फ्रेंच पाद्र्याने 1644 मध्ये तो मूळसंख्यांच्या यादीत घातला, सिद्धता न देता. ती 1772 मध्ये एका जवळजवळ अंध झालेल्या स्विस गणितज्ञाने दिली. युक्ती अशी, की याला निःशेष भागणारी कोणतीही मूळसंख्या 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च उरायला हवी. त्यामुळे 46,340 पर्यंतच्या थोड्याच मूळसंख्या तपासाव्या लागल्या. यातून जी परिपूर्ण संख्या (स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेएवढी संख्या) निघते तिच्याहून मोठी कधी सापडणार नाही, असे एका इंग्रज लेखकाने 1811 मध्ये लिहून टाकले होते. सापडल्या.

वाद खरा आहे तो चिन्हाचा. एक बिट ऋण-धन दाखवण्यात गेला नसता तर मुदत 2106 पर्यंत लांबली असती. पण मग 1970 आधीच्या जन्मतारखा उणे सेकंदांत लिहिता आल्या नसत्या. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. 2014 मध्ये एका कोरियन गाण्याच्या व्हिडिओची प्रेक्षकसंख्या याच आकड्यापुढे जाऊ लागली, तेव्हा मोजणी 64 बिटांवर न्यावी लागली. वेळेचेही आता बहुतेक ठिकाणी तसेच झाले आहे. उरतात त्या चार बाइटांत, म्हणजे 32 बिटांत, तारखा लिहून ठेवलेल्या जुन्या फाइली, आणि वर्षानुवर्षे कुणी न उघडलेली यंत्रे.