केबिनमधला पांढरा: विमानातल्या मूड लायटिंगची पार्श्वभूमी

लांब पल्ल्याच्या नव्या विमानात पाऊल टाकलं की छतावर निळसर-जांभळा उजेड पसरलेला दिसतो. जेवण येतं तेव्हा तो पिवळट, ऊबदार होतो. मग हळूहळू विझतो, आणि विमान उतरायच्या आधी नारिंगी-गुलाबी होत पहाटेसारखा उजाडतो. वेळेनुसार बदलणारी ही मूड लायटिंग एलईडी दिव्यांमुळे जमली, हे बहुतेकांना माहीत असतं. मात्र निळा एलईडी सापडल्यावर लाल, हिरवा, निळा रंग दाखवणं अवघड राहिलं नाही. अवघड गेला तो पांढरा: ज्यात माणसाचा चेहरा माणसासारखा आणि वरण वरणासारखं दिसतं, जो शंभर दिव्यांत एकसारखा राहतो आणि दहा वर्षांनीही तसाच दिसतो. मूड लायटिंगच्या इतिहासातली खरी मेहनत या पांढऱ्यावर झाली आहे.

ट्यूबचा काळ

२६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालं आणि अमेरिकेत जेट प्रवासाचं युग सुरू झालं. त्यानंतरच्या चार-पाच दशकांत केबिन उजळण्याचं मुख्य काम फ्लुरोसंट ट्यूबने केलं. विमानात ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची वीज असते. घरातल्या ५० हर्ट्झच्या मानाने वारंवारता जास्त असल्याने चोक लहान आणि हलका करता येतो. ट्यूब सामानाच्या कप्प्यांच्या वर आणि खाली, आडोशाला बसवलेल्या असत. दिवा डोळ्यांना दिसत नसे, छतावर आणि भिंतीवर पडलेला उजेड तेवढा दिसे. प्रकाशाचा उगम लपवायचा, हा मूड लायटिंगचा पहिला नियम ट्यूबच्या काळातच ठरला होता.

अडचण मंद करण्याची होती. ट्यूबमधला विद्युतप्रवाह कमी केला की तिच्या टोकांच्या तारा थंड पडतात आणि ट्यूब लुकलुकते किंवा विझते. म्हणून तारा वेगळ्या गरम ठेवणारा चोक लागतो आणि तरीही एका मर्यादेखाली जाता येत नाही. बोइंग ७३७ मध्ये क्रूच्या पॅनेलवर छतासाठी ब्राइट, मीडियम, डिम, नाइट असे ठरावीक टप्पे असत आणि खिडकीकडच्या दिव्यांना तर ब्राइट आणि डिम एवढेच. नाइटसाठी ट्यूब पूर्ण बंद करून वेगळे छोटे बल्ब लावले जात. रंग हवा असेल तर रंगीत ट्यूबची दुसरी रांग लावायची किंवा ट्यूबवर रंगीत आवरण चढवायचं. पहिल्या उपायाने वजन वाढे, दुसऱ्याने बराचसा प्रकाश वाया जाई. शिवाय ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेचा दाब तापमानावर अवलंबून असतो. थंड प्रदेशात रात्रभर उभ्या राहिलेल्या विमानात सकाळी ट्यूब मलूल पेटत. टोकं काळी पडणं, चोक तापणं आणि जळकट वास येणं या देखभाल कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारी होत्या. वासाची तक्रार तर गंभीरच, कारण केबिनमध्ये जळका वास आला की तो चोकचा आहे हे सिद्ध होईपर्यंत आग समजूनच वागावं लागतं.

निळा सापडला, मग रंग आले

लाल आणि मंद हिरवे एलईडी १९६० आणि ७० च्या दशकांपासून होते, पण त्यांतून खोली उजळत नसे. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी तयार केला. इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांचं त्याच वाटेवरचं काम आधीपासून चालू होतं. तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा आल्यावर दोन वाटा उघडल्या. लाल, हिरवा, निळा मिसळून हवा तो रंग करायचा, किंवा निळ्या चिपवर पिवळी फॉस्फर पूड (निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणारी) लावून पांढरा मिळवायचा. केबिनच्या प्रकाशाची पुढची सगळी गोष्ट या दोन वाटांच्या मिलाफाची आहे.

विमान कंपन्यांनी रंग आधी उचलला तो ओळख म्हणून. एमिरेट्सने २००३ मध्ये एअरबसच्या ए३४०-५०० विमानांच्या छतावर तारे चमकवले. ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झालेल्या व्हर्जिन अमेरिकाने ए३२० च्या केबिनला जांभळट-गुलाबी उजेड दिला. बाहेरच्या प्रकाशानुसार त्याच्या बारा छटा बदलत. अरुंद, जुन्या आकाराच्या केबिनमध्ये फक्त उजेड बदलून प्रवाशाला ‘हे विमान नवं आहे’ असं वाटवता येतं, हे व्हर्जिन अमेरिकाने दाखवून दिलं.

बोइंगने हा धडा विमानाच्या रचनेतच घातला. सिएटलचा टीग हा डिझाइन स्टुडिओ १९४० च्या दशकापासून बोइंगच्या केबिनवर काम करत आला आहे. ७८७ च्या दारातून आत येताच वर उंच कमान आणि आकाशासारखा उजळलेला घुमट दिसावा, म्हणजे दारातला चिंचोळेपणा विसरायला होईल, ही त्यामागची कल्पना. दिवे जर्मनीच्या डील कंपनीचे. ऑल निप्पॉन एअरवेजने ७८७ चं पहिलं व्यावसायिक उड्डाण नारिता ते हाँगकाँग केलं २६ ऑक्टोबर २०११ रोजी, म्हणजे ७०७ च्या त्या दिवसानंतर बरोबर ५३ वर्षांनी. त्याआधीच, २०१० मध्ये, ७३७ साठीचं ‘स्काय इंटिरिअर’ हे केबिनचं नवं रूप फ्लायदुबई या विमान कंपनीला मिळालं होतं. ७३७ चं धड १९६० च्या दशकातल्याच रुंदीचं आहे, ते बदलणं शक्य नव्हतं. कप्पे वर वळणारे केले, भिंतीचे पॅनेल खोलगट केले आणि छतावर निळा उजेड सोडला. निळा पृष्ठभाग डोळ्यांना दूर गेल्यासारखा वाटतो, त्यामुळे छत उंच भासतं. ७३७ मॅक्समध्ये हीच सजावट येते, म्हणून ऑगस्ट २०२२ पासून मुंबई–अहमदाबाद मार्गाने सुरुवात करणाऱ्या अकासा एअरच्या प्रवाशांनाही हाच उजेड भेटतो. एअर इंडियाकडे ७८७ आलं २०१२ मध्ये. तिच्या ए३५० ने जानेवारी २०२४ मध्ये बेंगळुरू–मुंबई मार्गावर प्रवासी नेले.

जाहिरातीत ए३५० च्या दिव्यांचे ‘१ कोटी ६७ लाख रंग’ सांगितले जातात. हा आकडा निव्वळ गुणाकाराचा आहे. लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या की २५६ × २५६ × २५६ = १,६७,७७,२१६. क्रूच्या पॅनेलवर प्रत्यक्षात असतात ती ठरवून ठेवलेली मोजकी दृश्यं: बोर्डिंग, टेकऑफ, जेवण, विश्रांती, झोप, पहाट, उतरणं.

पांढऱ्याची डोकेदुखी

लाल, हिरवा, निळा मिसळून पांढरा होतो खरा, पण त्याच्या वर्णपटात मोठ्या फटी असतात. पिवळ्या आणि नारिंगी भागात त्याच्यापाशी फार थोडं असतं. त्वचा, लाकूड, अन्न यांचे रंग नेमके तिथेच उठून दिसतात. म्हणून अशा पांढऱ्यात चेहरे आजारी वाटतात. भारतीय जेवणावर तर याचा परिणाम ठळक होतो. हळदीचा पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे निळ्या दृश्यात आमटी मळकट, काळपट दिसते. यावर उपाय म्हणून पुढच्या पिढीच्या दिव्यांत रंगीत तिघांसोबत चौथा, फॉस्फरचा पांढरा एलईडी घातला गेला, काही ठिकाणी ऊबदार आणि थंड असे दोन. जेवणाचं दृश्य आता मुख्यतः याच पांढऱ्यावर चालतं आणि रंग वरून चवीपुरते टाकले जातात.

दुसरी अडचण उष्णतेची. लाल एलईडीची चिप वेगळ्या पदार्थाची असते. तापमान वाढलं की तिचा प्रकाश निळ्या-हिरव्यापेक्षा खूप वेगाने घटतो. उन्हात तासभर उभ्या असलेल्या विमानाच्या छतामागे हवा कोंडते, लाल मंदावतो आणि पांढरा हिरवट-निळसर होतो. म्हणून एलईडी बसवलेल्या प्रत्येक लांब पट्टीत तापमान मोजणारा सेन्सर असतो. कारखान्यात प्रत्येक पट्टीचे रंग मोजून दुरुस्तीचे आकडे तिच्याच स्मृतीत नोंदवतात आणि पट्टी त्यानुसार स्वतःला सावरते.

तिसरी अडचण वयाची, आणि हँगरमध्ये, म्हणजे विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये, सर्वाधिक वेळ खाणारी हीच. एलईडी एकदम जात नाही, वर्षानुवर्षं थोडा थोडा उतरतो, आणि तिन्ही रंग वेगवेगळ्या गतीने उतरतात. वरचं पॉलिकार्बोनेटचं झाकणही पिवळत जातं. आठ वर्षं चाललेल्या रांगेत एकच नवी पट्टी बसवली की ती दातात सोन्याचा दात बसवल्यासारखी वेगळी दिसते. गडद निळ्यात हा फरक लपतो, पण फिक्या, पांढऱ्याजवळच्या छटांत डोळा तो लगेच पकडतो. उपाय साधे आहेत. नवी पट्टी गॅलीच्या (विमानातल्या स्वयंपाकघराच्या) किंवा पडद्याच्या कडेला लावायची, तिथली जुनी पट्टी काढून मधल्या रिकाम्या जागी बसवायची. किंवा एका विभागातल्या सगळ्या पट्ट्या एकदम बदलायच्या. ७८७ ची मोठी देखभाल नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातही होते. अशा मोठ्या तपासणीत छत उघडलेलंच असतं, तेव्हा विभागवार बदल करून घेणं सोयीचं पडतं. पट्टी बदलल्यावर तिचा पत्ता, म्हणजे ती रांगेत कुठे आहे हे, दिवे चालवणाऱ्या प्रणालीला बरोबर कळलं आहे ना, हे पाहणं विसरता कामा नये. नाहीतर सगळी रांग पहाट दाखवते आणि एक पट्टी पांढरीच राहते.

मंद करतानाची गोम वेगळी. एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून मंद करतात. २५६ च पायऱ्या असतील तर अगदी अंधाराजवळ एकेक पायरी डोळ्यांना झटक्यासारखी जाणवते, कारण कमी उजेडात डोळा छोट्या फरकालाही फार संवेदनशील असतो. म्हणून दिव्याच्या आतली पायऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढवावी लागली. चालू-बंदची वारंवारता कमी ठेवली तर मोबाइलच्या व्हिडिओत आडवे पट्टे दिसतात.

जुन्या विमानांसाठी ट्यूबच्याच मापाच्या, त्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या एलईडी पट्ट्या आल्या. छत उघडून नवी वायरिंग करायची नाही, जुन्या ब्राइट-डिमच्या तारांवरूनच निळा किंवा पांढरा निवडायचा. त्यात रंग दोनच मिळतात, पण खर्च आणि विमान जमिनीवर राहण्याचा वेळ खूप वाचतो. नुसता दिवा बदलला एवढ्याने भागत नाही. आगीला दाद न देणं, इतर उपकरणांत विद्युत व्यत्यय न आणणं याच्या चाचण्या आणि बदलाची रीतसर मंजुरी लागतेच.

जमिनीवरची पट्टी

२ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या फ्लाइट ७९७ ला आग लागली. विमान सिनसिनाटीला उतरलं, पण आतल्या ४६ पैकी २३ जण वाचले नाहीत. धूर वर चढतो, छताचे दिवे झाकतो, आणि माणूस खाली वाकून चाचपडत राहतो. १९८४ मध्ये अमेरिकेने जमिनीलगत वाट दाखवणारे दिवे सक्तीचे केले आणि विमान कंपन्यांना त्यासाठी दोन वर्षं दिली. आणीबाणीचे दिवे मुख्य दिव्यांपासून स्वतंत्र असतात, किमान १० मिनिटं चालतात आणि मधल्या वाटेवर सरासरी सुमारे अर्धा लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) उजेड देतात, पौर्णिमेच्या चांदण्याहून थोडा अधिक.

पुढे या जमिनीवरच्या दिव्यांऐवजी अंधारात चमकणारी पट्टी आली. तिला वीज लागत नाही, पण आधी उजेड ‘प्यायला’ लागतो, आणि ती पिते मुख्यतः निळा, जांभळा आणि अतिनील. लाल-नारिंगी उजेड तासभर टाकला तरी ती भरत नाही. म्हणजे रम्य सूर्यास्त दाखवत बोर्डिंग केलं तर पट्टी उपाशी राहू शकते. ट्यूबच्या उजेडात ठरवलेला भरण्याचा वेळ एलईडीला तसाच लागू होत नाही, कारण वर्णपट वेगळा असतो. म्हणून मंजुरी दिवा आणि पट्टी अशा जोडीला मिळते, आणि दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी पूर्ण पांढरे दिवे किती मिनिटं चालू ठेवायचे हे विमानाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तो वेळ काटेकोर पाळावा. पट्टीवर बॅग, चादर किंवा सफाईचं सामान पडलं असेल तर तेवढा भाग भरत नाही.

रात्री टेकऑफ आणि लँडिंगला केबिन अंधारी करतात तीही याच विचाराने. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. बाहेर अंधारात पळावं लागलं तर आधीच थोडी सवय झालेली असावी. केबिनमधला हवेचा दाब गेला तर एअरबसमध्ये सगळे दिवे आपोआप पूर्ण उजळतात. प्रवासी आजारी पडला तर क्रूने सर्वांत आधी पूर्ण पांढरा लावावा. ओठ निळे पडलेत की नाही हे निळ्या उजेडात कळत नाही.

झोपेचा हिशेब

डोळ्यात पाहण्यासाठीच्या पेशींखेरीज दिवस-रात्र ओळखणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झालं. त्या सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्याला सर्वाधिक प्रतिसाद देतात. यानंतर मूड लायटिंगला दुसरं कारण मिळालं: झोपवायच्या आधी निळा काढायचा, जागवताना घालायचा. क्वांटासने २०१९ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या चार्ल्स पर्किन्स सेंटरसोबत न्यूयॉर्क–सिडनी असं १९ तास १६ मिनिटांचं प्रायोगिक उड्डाण केलं. रात्री निघूनही सुरुवातीचे काही तास दिवे चालू ठेवले आणि रात्रीच्या जेवणाऐवजी दुपारचं जेवण दिलं, म्हणजे शरीर सिडनीच्या घड्याळाकडे लवकर सरकावं.

यात अपेक्षा मात्र मापात ठेवायला हवी. केबिनचा उजेड दिवसाच्या उजेडापुढे फार तोकडा असतो, आणि तोही छतावर पडून डोळ्यापर्यंत येतो. एकट्या दिव्यांनी जेट लॅग जात नाही. प्रकाशाची वेळ, जेवणाची वेळ आणि झोपेची वेळ एकाच दिशेने लावली तर मदत होते. समोरच्या पडद्याचा उजेड या हिशेबात धरलेला नसतो, खिडकीचा तर नाहीच. बारा हजार मीटर उंचीवर एका प्रवाशाने खिडकी उघडली की थेट ऊन आत येतं आणि शेजारच्या चार रांगांतली रात्र संपते. म्हणून झोपेचं दृश्य लावण्याआधी क्रूने खिडक्यांची फेरी मारलेली बरी. ७८७ मध्ये ती पॅनेलवरून मारता येते, कारण तिथल्या काचा विजेने गडद होतात. बाकी बहुतेक विमानांत रांगेरांगेने, हाताने.