लाकडी पुलाला छप्पर कशासाठी?

छपराचा लाकडी पूल पाहिला की वाटतं, वाटसरूंना पावसात आडोसा मिळावा म्हणून ही सोय केली असावी. पण हे छप्पर माणसांसाठी नसतं, लाकडासाठी असतं.

लाकूड कुजतं ते बुरशीमुळे, आणि बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. म्हणून कायम पाण्याखाली राहिलेला खांब शतकानुशतकं टिकतो. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली तरी बुरशीची डाळ शिजत नाही. उघड्या पुलाचं दुखणं असतं सांध्यांत. दोन तुळया जिथे एकमेकींत अडकवलेल्या असतात, तिथे पाणी मुरतं आणि ऊन-वारा पोचत नाही. बाहेरून ठणठणीत दिसणारी तुळई सांध्यात आतून पोखरलेली असते.

सुतारांना हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळलेलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा कापेलब्रुके हा छपराचा पूल चौदाव्या शतकातला. अमेरिकेत फिलाडेल्फियाला टिमथी पामर या सुतार-अभियंत्याने स्कुलकिल नदीवर पूल बांधला, तेव्हा त्याचा हिशोब होता की उघडा पूल १०-१२ वर्षं टिकेल, झाकला तर ३०-४०. पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष, न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी छपराचा आग्रह धरला आणि १८०५ मध्ये तो पूल झाकला गेला. पुढे १८२० मध्ये इथिएल टाउन या अमेरिकी वास्तुविशारदाने साध्या फळ्या तिरक्या, जाळीसारख्या रचून लाकडी खुंट्यांनी जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मला ही रचना फार आवडते. अवजड तुळया नकोत, लोखंड जवळजवळ नकोच. गावातला सुतारही ती उभी करू शकत असे. कनेक्टिकट नदीवरचा १८६६ चा कॉर्निश-विंडसर पूल याच जाळीवर उभा आहे, आणि त्यावरून आजही मोटारी जातात.

जपणुकीचं पहिलं काम म्हणजे छपराची गळती थांबवणं. ते वेळच्या वेळी झालं तर बाकीचं बरंच काम वाचतं. पण आग आणि पूर यांच्यापुढे छप्पर काय करणार? १९९३ च्या ऑगस्टमध्ये कापेलब्रुकेचा मोठा भाग जळाला, छताखालची सतराव्या शतकातली बहुतेक चित्रंही गेली. पूल मात्र पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. न्यूयॉर्क राज्यातला १८५५ चा ब्लेनहाइम पूल २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला. त्याच जागी त्याच रचनेचा, थोडा उंचावर, नवा पूल बांधला गेला.

यातला एकही वासा जुना नाही, मग याला जुना पूल म्हणायचं का? मला वाटतं, सांधा कसा कापायचा हे ज्याला येतं तो सुतार आहे तोवर म्हणावं. चीनमधल्या फुच्यान आणि चच्यांग प्रांतांत लाकडी कमानींचे छपराचे पूल बांधणारे कारागीर घराण्यातल्या मुलांना आणि शागिर्दांना ही विद्या तोंडी, हाताखाली ठेवून शिकवत आले. २००९ मध्ये युनेस्कोने तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत नोंद केली ती पुलांची नाही, तर ते बांधण्याच्या या विद्येची.