कळवळा पुरेसा असतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

चीनमधल्या छी राज्याचा राजा श्युआन. एकदा त्याच्यासमोरून एक बैल बळी द्यायला नेला जात होता. नवी घंटा रक्ताने पवित्र करायची होती. बैल थरथरत होता. राजाला ते बघवेना. त्याने बैल सोडायला लावला आणि त्याच्या जागी मेंढी न्यायला सांगितली. लोक म्हणाले, राजा कंजूष आहे, मोठे जनावर वाचवून लहानावर भागवतो आहे. तत्त्वज्ञ मेन्सियसने मात्र राजाला खरे कारण सांगितले: बैल तुम्ही पाहिलात, मेंढी पाहिली नाहीत. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. तुमची दया जनावरापर्यंत पोचते, मग प्रजेपर्यंत का पोचत नाही, असे त्याने पुढे विचारले.

ही इसवी सनपूर्व चौथ्या शतकातली गोष्ट. नीतीचा करुणेशी संबंध काय, या प्रश्नावर नंतर जे काही लिहिले गेले त्यातले बरेचसे या बैल-मेंढीत आलेले आहे, असे मला वाटते. विहिरीत पडायला आलेले मूल दिसले की कोणाच्याही काळजात धस्स होते, हेही मेन्सियसचेच उदाहरण. या कळवळ्याला तो माणुसकीचा अंकुर म्हणतो. अंकुर जपावा लागतो, वाढवावा लागतो.

बौद्ध परंपरेने हे वाढवण्याचे शास्त्रच केले. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (इथे अर्थ दुर्लक्ष नव्हे, समभाव) या चार भावना ध्यानाने जोपासायच्या. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराने एक फार बारीक गोष्ट नोंदवली: करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, पण जवळचा शत्रू शोक. जवळचा अशासाठी की तो करुणेसारखाच दिसतो. दुसऱ्याच्या दुःखाने स्वतःच कोसळलेला माणूस करुणावान वाटतो, पण त्याचे सगळे लक्ष आता स्वतःच्या वेदनेकडे असते. रोममध्ये तत्त्वज्ञ सेनेकाही याच्याजवळ आला होता. शहाणा माणूस रडणाऱ्याचे अश्रू पुसेल, त्यात आपले मिसळणार नाही, असे तो म्हणे. फक्त तो पुढे जाऊन कणव हा मनाचा दोषच ठरवतो. ते मला पटत नाही.

अठराव्या शतकात युरोपात या वादाला धार आली. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने नीतीचे मूळ बुद्धीत नसून भावनेत आहे असे मांडले. त्याचा मित्र अ‍ॅडम स्मिथ अर्थशास्त्रासाठी ओळखला जातो, पण त्याआधी, १७५९ मध्ये, त्याने नैतिक भावनांवर ग्रंथ लिहिला. दुसऱ्याचा रडवेला चेहरा पाहून आपण हलतो, त्याहून जास्त त्याची परिस्थिती समजल्यावर हलतो, असे त्याचे निरीक्षण होते. कोणी संतापलेला दिसला तर आपण आधी बिचकतो. त्याच्यावर काय अन्याय झाला हे कळल्यावरच त्याच्या बाजूने उभे राहतो. म्हणजे सहानुभूतीच्या आतच समज आहे.

स्मिथला सहानुभूतीची मर्यादाही दिसत होती. भूकंपात सगळा चीन गडप झाला असे ऐकून युरोपातला एखादा सज्जन हळहळेल आणि रात्री शांत झोपेल. उद्या आपली करंगळी कापली जाणार हे कळले तर मात्र त्याचा डोळा लागणार नाही. तरीही करंगळी वाचवायला तो कोट्यवधींचा जीव देणार नाही. का? स्मिथ म्हणतो, आपल्या आत एक निःपक्ष प्रेक्षक असतो, आणि आपणही अनेकांतले एक आहोत याची तो आठवण देतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये उलटी बाजू घेतली. स्वतःच्या दुःखात बुडालेला, कोणाबद्दल काही वाटेनासे झालेला माणूस केवळ कर्तव्य म्हणून मदत करतो, तेव्हाच त्या कृतीला खरे नैतिक मोल येते, असे त्याने म्हटले. पुढच्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर याला हे मान्य नव्हते. करुणा हाच नीतीचा एकमेव पाया, हे सांगणारा निबंध त्याने डेन्मार्कच्या शाही विज्ञान संस्थेच्या स्पर्धेला पाठवला. निबंध एकटाच आला होता, तरी १८४० मध्ये संस्थेने त्याला पारितोषिक नाकारले.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एका गंभीर आजारी मुलीची हकिकत ऐकवली. उपचारांसाठी प्रतीक्षायादी होती आणि तिच्यापुढे जास्त गरजू मुले होती. तिला वर घ्यायचे का? तटस्थपणे ऐका असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांनी तिला वर सरकवले. तिला काय वाटत असेल याची कल्पना करा असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण जवळपास तीन-चतुर्थांश झाले. मुलगी म्हणजे राजाने पाहिलेला बैल. यादीतली बाकी मुले न पाहिलेली मेंढी.

अशाच पुराव्यांवरून मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी २०१६ मध्ये, नैतिक निर्णयात इतरांच्या भावनांशी एकरूप होणे टाळावे, असा युक्तिवाद केला. पण मेंदू-संशोधक टानिया सिंगर यांच्या गटाच्या प्रयोगांत वेगळी वाट दिसते. दुसऱ्याचे दुःख अनुभवण्याचा सराव केलेल्यांची अस्वस्थता वाढली. नंतर त्याच लोकांना करुणेचा सराव दिला तेव्हा ती ओसरली आणि आपुलकीची भावना वाढली. मेंदूतली सक्रिय जाळीही दोन्ही वेळी वेगळी होती. बुद्धघोषाने शोक आणि करुणा यांत जो फरक केला होता, तो इथे पंधराशे वर्षांनी मोजमापात सापडतो. प्रतीक्षायादीतल्या न दिसणाऱ्या मुलांपर्यंत ही दुसऱ्या प्रकारची करुणा आपोआप पोचते का, हे मात्र यातून ठरत नाही. त्यासाठी यादी वाचावीच लागते.