राधानगरीचा जुना व्हिडिओ चिखलीत कसा पोचला

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला कोल्हापूरजवळच्या चिखलीहून मावशीचा फोन, आवाज कापत होता, राधानगरी धरणाचे सातही दरवाजे उघडलेत म्हणं, जनावरं सोडू काय रे? व्हॉट्सअपवर व्हिडिओ आलेला. मी पातळी बघितली तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी इशारा पातळीच्या, म्हणजे 39 फुटांच्या बरंच खाली होतं, धोका पातळी तर 43. व्हिडिओतलं पाणी खरंच धरणाचं होतं, पण कुठल्या तरी जुन्या पावसाळ्यातलं. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली तेव्हा मावशीनं घर सोडलेलं, त्यामुळं तिचं घाबरणं मला पूर्ण पटतं.

दुसऱ्या दिवशी मी तो व्हिडिओ उलटा शोधत गेलो. मावशीला भावजयीनं पाठवलेला, भावजयीला तिच्या भावानं, भावाला तालमीच्या ग्रुपवर मिळालेला आणि तालमीत तो हुपरीच्या एका पाहुण्याकडनं आलेला. हा पाहुणा वर्षातनं दोनदा भेटणारा, आणि नेमकं त्याच्यामुळंच ते गावात आलं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्ये हेच मांडलंय, की रोज कट्ट्यावर बसणाऱ्या दोस्तांना जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं, नवी खबर येते ती लांबच्या, विरळ ओळखीतनं. याच माणसानं 1978 मध्ये अजून एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त आवडते. प्रत्येकाचा एक उंबरठा असतो. कोण एकानं पाठवलं की लगेच पुढं ढकलतो, कोण तीन ठिकाणांहून आल्याशिवाय हात लावत नाही. मावशीच्या भावजयीला एकदा पुरलं, मावशीला तीन ग्रुपवर दिसलं तेव्हा खरं वाटलं. आता ते तिन्ही ग्रुप एकाच पाहुण्याच्या मेसेजवर चाललेले, पण तिला ते कसं कळणार, तिला तीन वेगळे साक्षीदार दिसले.

खोटं जास्त पळतं हे नुसतं म्हणायचं नाही, मोजलेलं आहे. एमआयटीच्या संशोधकांनी 2006 ते 2017 मधल्या ट्विटरवरच्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा प्रवास तपासला, 2018 मध्ये तो छापून आला. खोटी बातमी पुढं पाठवली जायची शक्यता 70 टक्क्यांनी जास्त, आणि 1,500 लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ. बॉटमुळं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळं, होत असेल म्हणून ते बाजूला काढून बघितले तरी फरक तसाच राहिला. म्हणजे हे माणसंच करतात. खोट्यात नवल असतं, आणि नवल सांगायला जीभ वळवळतेच की.

व्हॉट्सअपला मेसेजमधला मजकूर दिसत नाही, तिथं जे पसरतं ते माणसांच्या हातानं. इन्स्टा, यूट्यूबचं वेगळं. मी तपासायला म्हणून तो व्हिडिओ रीलमध्ये तीनदा बघितला आणि पुढचे चार दिवस माझ्या फीडला नुसती धरणं, पूर, वाहून जाणाऱ्या गाड्या. मशीनला पाणी म्हणजे काय ते कळायची गरजच नाही. एक भलामोठा तक्ता डोळ्यासमोर आणा, आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात व्हिडिओ, आणि बहुतेक चौकोन रिकामे. माझी ओळ ज्यांच्या ओळीशी जुळते त्यांनी काय बघितलं त्यावरनं माझे रिकामे चौकोन अंदाजानं भरायचे. 1994 मध्ये ग्रुपलेन्स नावाच्या प्रकल्पानं इंटरनेटवरच्या चर्चागटांतले लेख सुचवायला हीच युक्ती वापरली होती, आणि नेटफ्लिक्सनं 2006 मध्ये हा अंदाज 10 टक्क्यांनी सुधारणाऱ्याला 10 लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते 2009 मध्ये दिलं गेलं.

अडचण येते ती नव्या व्हिडिओला, त्याचा रकाना पूर्ण कोरा असतो. इथं पसरण्याची वाट कामाला येते. पहिल्या तासात तो कुणी शेअर केला, ते सगळे एकाच तालमीतले की वेगवेगळ्या गावचे, किती भराभर पुढं गेला, यावरनं अजून कुणाला आवडंल याचा अंदाज बांधता येतो. एकाच घोळक्यात फिरणाऱ्या शंभर शेअरपेक्षा दहा वेगळ्या घोळक्यांतले दहा शेअर बऱ्याचदा जास्त काही सांगून जातात.

हीच गोष्ट उलटीकडनंही वापरता येते. केम्पे, क्लाइनबर्ग आणि टार्डोस या तिघांनी 2003 मध्ये गणितानं दाखवलं, की खबर लांब न्यायची तर नुसती सगळ्यात जास्त ओळखी असलेली माणसं निवडून भागत नाही, कारण त्यांच्या ओळखी एकमेकांवर पडतात, प्रत्येक नवा माणूस किती नवी घरं जोडतो ते बघायला लागतं. मी आणि मावसभावानं बसून मावशीच्या गल्ल्यांसाठी चौघं काढले, दूध संस्थेत संकलनाला बसणारा, अंगणवाडीच्या ताई, वडापवाला, म्हणजे शेअर गाडीवाला, आणि नदीकडच्या वस्तीतला एक टेलर. सरपंचांचं नाव पहिल्यांदा लिहिलेलं, पण त्यांच्या ओळखीचे सगळे दूध संस्थेत येतातच, म्हणून खोडलं. आता पाऊस लागला की सकाळ-संध्याकाळ बंधाऱ्याची पातळी, तारीख आणि वेळ टाकून, त्या चौघांना जाते.