गरनाळ्याची उंची कुणी ठरवली?

रेल्वेखालून जाणाऱ्या वाटेला बडोद्याच्या मराठी घरांतही 'गरनाळं'च म्हणतात. पावसाळ्यात अलकापुरीचं गरनाळं तुंबलं की बातमी होते. एरवी कुठल्या गरनाळ्यात ट्रक अडकला की गर्दी जमते आणि सगळे मिळून ड्रायव्हरला झोडपतात. चूक त्याची असतेच. तिची तयारी मात्र दीडशे वर्षांपूर्वीच झाली होती.

मुंबईकडच्या रेल्वेचे रूळ १८६१ मध्ये बडोद्याला पोहोचले. पुढच्याच वर्षी गायकवाड सरकारने मियागाम ते डभोई अरुंद रूळ टाकले, आणि त्यावरचे डबे चक्क बैल ओढत. रेल्वेलाच बैल जुंपण्याचा तो काळ. पुलाखालून जाऊन जाऊन काय जाणार? टांगा, नाहीतर कडब्यानं शिगोशीग भरलेली गाडी. पुढे पूल उंच करणं सोपं राहिलं नाही. रुळांना चढ सोसत नाही, म्हणून एका जागी फूटभर उचलायचे तर दोन्ही अंगांना लांबवर भराव घालावा लागतो. रस्ता खणून खाली न्यावा, तर पाणी साठतं.

इकडे गाड्या वाढत गेल्या. १९६५ मध्ये बडोद्याजवळ कोयलीची रिफायनरी सुरू झाली, कारखाने आले, इथले ट्रान्सफॉर्मर लांबलचक ट्रेलरवरून बाहेर जाऊ लागले. १९८९ च्या नियमांत मालट्रकला ३.८ मीटर उंचीची मुभा होती, २०२० मध्ये ती ४ मीटर झाली. उंच जातीचा कंटेनर एकटाच २.९ मीटर भरतो. दीड मीटर उंचीच्या ट्रेलरवर ठेवला की झाले ४.४. रस्त्यांच्या मानकांनी १९७४ मध्येच पुलाखाली गावाबाहेर ५ मीटर आणि शहरात साडेपाच मीटर मोकळी जागा सांगितली. ती नव्या पुलांना मिळाली, जुनी गरनाळी होती तिथेच राहिली.

खरी गंमत डांबराची. जुना थर न खरवडता वर नवा चढवला की रस्ता दोन-तीन इंच वर येतो, उंचीच्या पाटीवरचा आकडा मात्र जुनाच. ट्रकचंही तसंच. भरलेला असताना स्प्रिंगचे पाटे दबतात आणि तो सुखरूप निघतो. माल उतरवून त्याच वाटेनं परतताना तेच पाटे उसळलेले असतात. अडकल्यावर टायरांची हवा काढतात ती याच दोन-चार इंचांसाठी.

विजेची रेल्वे आली तेव्हा फाटकांवर २५,००० व्होल्टच्या तारेआधी ४.६७ मीटरवर आडवी कमान बसली, तिला 'हाईट गेज' म्हणतात. गाडीनं तारेला नाही, कमानीला धडकावं, एवढाच तिचा उद्देश. तसाच लोखंडी आडवा दांडा गरनाळ्याआधीही चालतो, पण तो शेवटच्या वळणाच्या अलीकडे हवा. पुलाला खेटून असला तर ट्रेलर वळवायचा कुठे? अमेरिकेतल्या डरहॅमचा एक बुटका पूल तर इशाऱ्याचे दिवे लावूनही धडका खातच राहिला. रस्त्याखालून सांडपाण्याची मोठी वाहिनी असल्यानं रस्ता खाली नेता येईना, तेव्हा २०१९ मध्ये पूलच आठ इंच उचलला. धडका त्यानंतरही झाल्या.

आपल्याकडे उंची बघून सांगायचं काम क्लीनर करायचा. खाली उतरून, मान वर करून, 'येऊ दे, येऊ दे' म्हणत. आता कित्येक ट्रकांवर क्लीनर नसतो, आणि फोनमधला नेहमीचा नकाशा वाट दाखवतो ती कारची. मग टेप लावून आपल्या गाडीची उंची, रिकामी आणि भरलेली, दोन्ही मोजायची आणि केबिनमध्ये समोर दिसेल अशी खडूनं लिहायची.