रक्तदाबाची औषधे आणि उतारवयातील यकृत

साठी-पासष्टीनंतर रक्तदाबाच्या गोळ्या आणि यकृताचे कार्य यांचा एकमेकांवर होणारा परिणाम. ‘बीपीची गोळी लिव्हर खराब करते’ हे वाक्य नाशिकमध्ये तपासणी शिबिरापासून मेडिकलच्या काउंटरपर्यंत कुठेही कानावर पडते. प्रत्यक्षात नाते बहुधा उलटे असते. नेहमीच्या गोळ्यांनी यकृताला इजा क्वचितच होते. थकलेले यकृत मात्र त्याच गोळीचा जोर वाढवते.

वयाबरोबर यकृत लहान होते आणि त्यातून वाहणारे रक्तही घटते. आकार २० ते ४० टक्क्यांनी कमी झालेला असू शकतो. तरीही एसजीपीटी, एसजीओटी या यकृताच्या रक्तचाचण्या नॉर्मल येतात, कारण हे आकडे पेशींची मोडतोड दाखवतात, कामाचा उरक दाखवत नाहीत. उरकाचा अंदाज अल्ब्युमिन (यकृत बनवते ते प्रथिन), बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) यांवरून येतो.

प्रत्येक गोळीची वाट वेगळी. ॲम्लोडिपिन यकृतातच मोडते. एरवी ३० ते ५० तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते, यकृत मंद असल्यास त्याहून उशिरा. म्हणून वृद्धांना किंवा यकृतरुग्णांना सुरुवात २.५ मिलिग्रॅमने करतात आणि लगेच डोस वाढवत नाहीत. टेल्मिसार्टन जवळजवळ पूर्णपणे पित्तावाटे बाहेर पडते. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली, तर ते साचत जाते. अशा वेळी ते देत नाहीत. यकृताचा सौम्य ते मध्यम बिघाड असल्यास मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम. लोसार्टन २५ ने सुरू करतात. मेटोप्रोलॉल यकृतावर अवलंबून, तर ॲटेनोलॉल आणि लिसिनोप्रिल मुख्यतः मूत्रपिंडावर. तीन औषधे एकत्र असलेली गोळी सोयीची खरी, पण त्यातले एकच कमी करायचे झाले की अडचण होते. तेव्हा गोळ्या सुट्या करून घ्याव्यात.

पायावरच्या सुजेत सर्वाधिक गफलत होते. ॲम्लोडिपिनची सूज दोन्ही घोट्यांवर, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. अल्ब्युमिन ठीक असते. यकृताच्या सुजेबरोबर पोटही वाढते, पायजम्याची नाडी सैल बांधावी लागते, आठवड्यात वजन दोन किलोने चढते. पहिली सूज लिव्हरची समजून पाणी उतरवणारी गोळी जोडली जाते. त्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही, कारण शरीरात पाणी जास्त झालेले नसते. केशवाहिन्यांतून ते झिरपत असते. उलट सोडियम घसरते, आजोबा असंबद्ध बोलू लागतात आणि घरचे ते वयावर ढकलतात. ॲम्लोडिपिनचा डोस कमी करणे किंवा गोळी बदलणे हा खरा उपाय.

थेट इजा करणारी औषधे थोडी आहेत : मिथिलडोपा, लॅबेटॅलॉल, हायड्रॅलाझीन. यांपैकी एखादे सुरू असताना लघवी गडद झाली, भूक मेली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नुसते एसजीपीटी ६० आल्याने गोळी बंद करण्याचे कारण नाही. रक्तदाबाच्या रुग्णात त्यामागे बहुधा फॅटी लिव्हर असते.

त्या फॅटी लिव्हरची मजल व्रणांपर्यंत गेली आहे का, हे फिब-४ या हिशेबातून चाचपता येते : वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट, हजारांत, गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ). वय ७०, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट दोन लाख असतील, तर २८०० भागिले १२००, म्हणजे २.३३. पासष्टीपुढे २ पेक्षा कमी असेल तर धोका कमी धरतात. इथे आकडा २ च्या वर असल्याने फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) सुचवला जातो. तरुणांची १.३ ची रेषा वृद्धांना लावली की विनाकारण घबराट होते.

सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झाल्यावर, रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब आपोआप उतरतो. वर्षानुवर्षे घेतलेला डोस मग जड होतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरतो का, हे मोजावे. पोटात पाणी झाल्यावर टेल्मिसार्टन-रामिप्रिलसारखी औषधे सहसा थांबवतात, नाहीतर मूत्रपिंड बसते. उलट प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल याच रुग्णाला दिले जाते. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत, यासाठी ते असते. ‘बीपी कमी असताना बीपीची गोळी का?’ ही शंका म्हणून रास्त, पण गोळी परस्पर बंद करणे घातक. वरचा आकडा ९० च्या खाली गेल्यास डॉक्टर डोस घटवतात किंवा औषध थांबवतात.

नाशिककरांना हमखास पडणारा प्रश्न : बीपीच्या गोळीबरोबर द्राक्षे चालतात का? इशारा असतो तो ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळाबद्दल; निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांचा त्याच्याशी नावापुरताच संबंध. वाइनचे तसे नाही : १२ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर पेल्यात सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि यकृताला ते द्राक्षाचे की धान्याचे, याने फरक पडत नाही. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतून २०२१ मध्ये नोंदले गेले आहेत, तेव्हा औषधांची यादी सांगताना काढाही सांगावा.

निफाडच्या थंडीत पारा एक आकडी होतो, रक्तदाबही चढतो. जानेवारीत वाढवलेला डोस एप्रिलमध्ये पुन्हा तपासून घ्यावा. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन मात्र एकदम कधीच सोडू नये. क्लोनिडिन थांबवल्यावर एक-दोन दिवसांतच रक्तदाब आधीपेक्षा वर उसळू शकतो.